पूरकचे पेढे

पायलला आम्ही फसवलं. आम्ही म्हणजे तिची शाळा आणि मी. शाळेनं फसवलं हे भिलाईच्या कॅम्प-१ मध्ये, आमच्या वस्तीत, सगळ्यांना सांगून झालं आहे, कारण ते सांगताना मला आवाज चढवता येतो. माझ्या वाटणीचं आज पहिल्यांदा लिहिते आहे.

पुन्हा मार्च आला आहे. आमच्या गल्लीत मार्च कॅलेंडरवर कळत नाही, उंबऱ्यांवर कळतो. दुपारी चारनंतर उन्हाचा पट्टा भिंतीवर सरकला की प्रत्येक उंबऱ्यावर एक पोरगं पुस्तक घेऊन बसतं आणि मोठ्यानं वाचतं. घरात कोणी तेलुगू बोलतं, कोणी छत्तीसगढी, आमच्यासारखे विदर्भातले मराठी. वाचायची मात्र हिंदी. त्यामुळे एकच धडा चार घरांतून चार चालींत ऐकू येतो. कडुनिंबाचा बारीक मोहर गटाराच्या पाण्यावर तरंगतो. दोरीवरचे कपडे झटकले की कारखान्याची तांबूस धूळ उडते. माझ्या दुकानात नव्या कोऱ्या कापडाचा तो खळीचा वास येतो, नाकात कोरडा बसणारा. मी शाळांचे गणवेश शिवते. बावीस वर्षं झाली. हा वास मला आवडायचा. गेल्या उन्हाळ्यापासून तो आला की मी दार उघडते आणि कारण नसताना बाहेर जाऊन उभी राहते.

पाचवीच्या परीक्षेशी माझं जुनं वैर आहे. माझ्या लहानपणी पाचवीला बोर्ड होतं. पेपर बाहेरून यायचा. हिंदीच्या पेपरात 'शिक्षा' शब्दाचा वाक्यात उपयोग करायचा होता. मी लिहिलं, 'मैं देर से आई इसलिए गुरुजी ने मुझे शिक्षा की.' घरात आम्ही शिक्षा म्हणजे मार खाणंच समजत होतो. हिंदीत शिक्षा म्हणजे शिक्षण, हे मला कोणी सांगितलंच नव्हतं. त्या एका वाक्यावर काही मी नापास झाले नाही, तशी आणखी वाक्यं असणार. पण मला तेच लक्षात राहिलं, कारण गुरुजींनी ते वर्गात वाचून दाखवलं आणि सगळा वर्ग हसला.

बाबा कारखान्यात रोलिंग मिलला होते. निकालाचा कागद त्यांनी घडी घालून खिशात ठेवला आणि म्हणाले, "दोनदा पाचवी कोणी करते का? घरी बस." मी बोली लावली. पहाटे उठून पाणी भरीन, धाकट्याला सांभाळीन, भांडी घासूनच शाळेत जाईन. बाबांनी जेवणाचं ताट पुढे ओढलं आणि जेवायला लागले. घासाघिशीत मी हरले ती पहिल्यांदा. नंतर माझ्यासोबत बोलीला बसायला भलेभले कचरले. कापडवाले ठोक व्यापारी मला पाहून आधी चहा मागवतात आणि मग दर सांगतात. मशीन मी कर्जानं घेतली, दुकान स्वतःच्या जिभेवर उभं केलं. पण अजूनही कोणी 'तू किती शिकलीस' विचारलं की माझं डोकं गरम होतं आणि मी विचारणाऱ्याचं काहीतरी काढून त्याला गप्प करते.

म्हणून तो कायदा आला, आठवीपर्यंत कोणालाच नापास करायचं नाही असा, तेव्हा मला वाटलं की हा माझ्याकरताच केला आहे, फक्त पोचायला उशीर झाला. हिंदीत त्याला 'शिक्षा का अधिकार' म्हणतात. माझ्याकडे काज-बटनाचं काम करणारी वनिता वर्ध्याकडच्या खेड्यातून लग्न होऊन इकडे आली. तिनं शाळेच्या भिंतीवर ती अक्षरं पाहून मला विचारलं होतं, "शिक्षेचा अधिकार? कोनाले, मास्तरले?" आम्ही दोघी हसून हसून बेजार झालो. पायल ही वनिताचीच मुलगी. तेव्हा ती पहिलीत होती आणि चिंध्यांच्या ढिगावर बसून बाहुली बांधत होती.

मी शाळेच्या समितीवर गेले. पुढे अध्यक्ष झाले. पालकांतून कोणी तोंड उघडणारं हवं असतं, आणि तोंड उघडण्यात मला कोणी मागे टाकलेलं नाही. एक तरुण गुरुजी होते, साहू म्हणायचे सगळे. प्रगतिपत्रकावर त्यांनी तिसरीतल्या सात-आठ पोरांपुढे 'पढ़ने में कमजोर' लिहिलं. त्यांत पायल होती. मी प्रगतिपत्रकांचा गठ्ठा त्यांच्या टेबलावर आपटला.

"हे खोडा."

"मैडम, बच्ची पढ़ नहीं पाती. पाठ याद करके सुना देती है, उंगली कहीं और रहती है."

"तर तुम्ही शिकवा! कागदावर कशाला लिहिता? उद्या बाप घरी बसवील तिला."

"घर में पता तो चले."

"काही पता चलायला नको. कक्षोन्नत लिहा. कायदा आहे."

त्यांनी लिहिलं. कक्षोन्नत म्हणजे वरच्या वर्गात ढकलली, एवढंच. पण शब्द असा की उन्नती झाल्यासारखा वाटतो. वनिताला मी तो वाचून दाखवला तेव्हा तिनं तो दोनदा म्हणून पाहिला. साहू गुरुजी मला दारापर्यंत सोडायला आले आणि हळूच म्हणाले, "आपने अच्छा नहीं किया, दीदी." मी पायऱ्यांवरूनच त्यांना दोन शब्द सुनावले. पुढच्या वर्षी त्यांची बदली झाली. मी करवली नव्हती, पण लोक तसं म्हणत आणि मी नाकारत नव्हते.

मग कायदा बदलला. दिल्लीत बदलला, आमच्याकडे पत्रक होऊन आला. आता पाचवीला आणि आठवीला खरी परीक्षा. पेपर बाहेरून, तपासणी दुसऱ्या शाळेत. एखाद्या विषयात राहिलेल्या पोराला सुट्टीत वेगळं शिकवायचं, दोन महिन्यांच्या आत पुन्हा परीक्षा घ्यायची, आणि तेव्हाही जमलं नाही तर त्याच वर्गात ठेवायचं. कोणाला शिकवलं, किती दिवस शिकवलं, कोण हजर होतं, याचा कागद वर पाठवायचा. त्या कागदावर समितीच्या अध्यक्षाची सही. म्हणजे माझी.

शाळेत जी धांदल उडाली ती पाहण्यासारखी होती. प्रधान पाठक, म्हणजे आपले मुख्याध्यापक, सज्जन आणि घाबरट माणूस. पत्रकं पंख्याच्या वाऱ्यानं उडतात म्हणून त्यांनी त्यांवर डस्टर ठेवला होता. दोनच शिक्षक उरलेले, त्यांतला एक कायम कुठल्यातरी सर्वेक्षणाला गेलेला. "मैडम, चार साल किसी को रोका नहीं, अब एक साल में कहाँ से पढ़ा दूँ?" असं ते मला विचारत. प्रश्न खरा होता. माझ्या डोक्यात मात्र दुसरंच होतं. नव्या सत्राच्या गणवेशांचं मोठं काम मला मिळालं होतं आणि माझ्या पत्र्याच्या दुकानात एप्रिलमध्ये बाया घामानं कापड खराब करत होत्या. शाळेची पाचवीची खोली मोठी, उत्तरेकडे खिडक्या, दोन पंखे.

"सुट्टीत ती खोली मला द्या," मी म्हटलं.

"उसमें तो उपचारात्मक कक्षा लगेगी, मैडम. पूरक वाले बच्चों की."

"शिकवणार कोण?"

मी खुर्ची जवळ ओढली. मला समोरच्याचं अडलेलं लगेच दिसतं, त्याचंच मी खाते. त्यांना सही हवी होती, मला खोली. पाच मिनिटं लागली. शेवटी त्यांनीच स्वतःची समजूत घातली, "बच्चे भी एक कोने में बैठ जाएंगे, है ना?"

"बसतील ना."

निकाल लागला त्या दिवशी वनिता पेढे घेऊन आली. तिच्या कपाळावर घाम होता, डोक्यावरचा पदर घसरलेला. पायल तिच्या मागे, दाराच्या चौकटीला टेकून.

"ताई, तोंड गोड करा. पोरीले पूरक भेटली!"

मी मशीनवरून मान वर केली.

"बाकीच्या विषयात उत्तीर्ण हाय, अन् हिंदीत पूरक. बाजूच्या पोरीले तं एकबी नाई भेटली. मी इले म्हनलं, पाय, हिंदीची भीती वाटे तुले, अन् त्याच्यातच वरतून भेटलं."

वनिताच्या गावच्या अंगणवाडीत पूरक आहार मिळायचा. पूरक म्हणजे जास्तीचं, चांगलं, पोराच्या अंगी लागणारं. मराठीत तो शब्द तसाच आहे, तिची काही चूक नव्हती. मी या गावात वाढले. पूरक म्हणजे त्या विषयात नापास आणि पुन्हा परीक्षा, हे मला माहीत होतं. पायललाही माहीत होतं. ती घरात मराठी आणि गल्लीत हिंदी बोलणारी पोरगी, तिला कसं माहीत नसेल? तिनं आईच्या पाठीआडून माझ्याकडे पाहिलं. मी आता सांगणार, असं तिच्या चेहऱ्यावर होतं.

मी सांगितलं नाही. सांगितलं असतं तर वनिता दुसऱ्या दिवशी शाळेत जाऊन उभी राहिली असती, वर्ग कुठे भरतो, कोण शिकवतो, विचारत. आणि खोलीत माझ्या सहा मशीन लागलेल्या होत्या. एवढाच विचार होता. दया वगैरे काही नव्हती, नंतर मी ती स्वतःशी जोडून पाहिली, ती जुळली नाही. मी पेढा घेतला आणि म्हटलं, "छान झालं."

पायल हसली. मी तिला वाचवलं असं वाटलं तिला. त्या हसण्याचं काय करायचं ते मला अजून कळलेलं नाही.

बुद्ध पौर्णिमेला आमच्या विहारात दरवर्षी पास झालेल्या पोरांना वही आणि पेन देतात. मे महिन्याचं ऊन, कापडी मंडप, मोगऱ्याच्या आणि गरम सतरंजीच्या वासात सगळे पांढरे कपडे घालून बसलेले. मी पहिल्या रांगेत, देणगीदारांत. कागद वाचायला कॉलेजातला एक मुलगा माईकवर होता. वनितानं पायलच्या पाठीत हळूच ढकललं. पायल उठेना. तेव्हा वनिता स्वतः तिचा हात धरून पुढे घेऊन गेली आणि निकालाचा कागद त्या मुलाच्या हातात दिला. त्यानं नाव वाचलं, मग खाली पाहिलं, आणि माईक तोंडाजवळच असताना म्हणाला, "अरे, ये तो पूरक है. फेल वाले में नहीं आता क्या?"

मागे पोरं हसली. एक म्हातारे बाबा लगेच ओरडले, "असू दे रे, पेन दे तिले!" पेन दिलं. पायलनं ते घेतलंही. वनिता मात्र पोरांकडे बघत नव्हती, माईकवाल्याकडेही नाही. ती पहिल्या रांगेकडे बघत होती.

बाहेर चपलांच्या ढिगाजवळ तिनं मला गाठलं.

"ताई, तुमाले मालूम होतं ना?"

"मले वाटलं तुलेच माहीत आहे," मी म्हटलं.

"मी पेढे कावून वाटीन मंग?"

माझा पारा चढला. चूक आपली असली की तो लवकर चढतो. मी म्हटलं, इतकी वर्षं इथे राहून तुला साधी हिंदी येत नाही, त्याला मी काय करू. आजूबाजूचे थांबून ऐकायला लागले. वनितानं पदर नीट केला आणि एकदम खालच्या आवाजात म्हणाली, "मले नाई येत. म्हनून तं तुमच्या भरवशावर राहिली."

पुन्हा परीक्षेला पाच आठवडे होते. पाच आठवडे म्हणजे काही कमी नव्हेत. रोज दोन तास कोणी पायलशेजारी बसलं असतं तर ती वाचू लागली असती, हे मी आज खात्रीनं सांगते, कारण ती आली होती. दुसऱ्या दिवशी सकाळी आठला, दोन वेण्या घालून, दप्तर घेऊन. "मावशी, आई म्हनते इथं क्लास आहे."

खोलीत कापडाचे ताके, शिवलेल्या सदऱ्यांच्या थप्प्या, मशीनचा खडखडाट. मी म्हटलं, बस त्या कोपऱ्यात. गुरुजी येतील. गुरुजी सर्वेक्षणाला गेले होते. आणखी दोन पोरं आली, दोन-तीन दिवसांनी यायची थांबली. पायल येत राहिली. रिकामी बसून कंटाळते म्हणून चौथ्या का पाचव्या दिवशी मी तिच्यापुढे सदरे सरकवले. तिचा हात आईसारखाच, टाका बारीक. पुस्तक मांडीशेजारी उघडं ठेवून ती बटनं लावायची. तिच्या बोटांना खळीचा पांढरा भुगा लागलेला असायचा आणि पानांवर त्याचे ठसे उमटत.

एकदा तिनं विचारलं, "मावशी, हे पहा, 'चींटी ने फिर से चेष्टा की'. तिनं कोनाची चेष्टा केली?"

मला हसू आलं. हिंदीत चेष्टा म्हणजे प्रयत्न, एवढं सांगायला किती वेळ लागतो? 'शिक्षा'च्या वाक्यावर माझा वर्ग हसला होता तसं मी हसले, आणि म्हटलं, "थांब, हा लॉट निघू दे." तो लॉट निघाला, दुसरा आला. ती पुस्तकातलं ते पान बराच वेळ बोटानं धरून बसली होती, मग दोरा ओवायला दोन्ही हात लागतात म्हणून तिनं ते सोडलं.

संध्याकाळी प्रधान पाठकांचा शिपाई हजेरीची वही घेऊन यायचा. पायलच्या नावापुढे उपस्थित. खोटं काय होतं त्यात? ती हजरच होती. मी सही करायची. उपचारात्मक कक्षा, अमुक दिवस, संचालित. माझी सही चांगली आहे, मी ती मोठेपणी घरी बसून गिरवून शिकले.

जूनमध्ये पायलनं परीक्षा दिली आणि ती नापास झाली. नव्या सत्रात तिचं नाव पुन्हा पाचवीत.

तिचा बाप विलास भिलाई-३ ला रेल्वेच्या यार्डात ठेक्यावर काम करतो. मी त्याच्या घरी गेले. आयुष्यात एवढ्या तयारीनं मी कुठल्या बोलीला गेले नव्हते. मी शिकवणी लावून देईन, मी पुस्तकं आणीन, रोज माझ्या घरी बसवीन. तो बुटांची नाडी सोडत ऐकत होता.

"तुमच्या इथं बसूनच तं नापास झाली ना ते," तो म्हणाला. तोंडात शिवी नव्हती, राग नव्हता. "दोनदा पाचवीत बसवून काय करू? बहिणीचं लेकरू लहान आहे तिकडं, वर्ध्याकडं. त्याले सांभाळाले कोनी पाह्यजे. जाऊन राहिली ते सोमवारी."

मी आवाज चढवला. पोरीला शाळेतून काढणं कायद्यात बसत नाही म्हटलं. तो म्हणाला, "कायदा तुमीच सांगता ताई, हरवेळी येगळा." वनिता चुलीकडे तोंड करून बसली होती. तिनं वळून पाहिलं नाही. मी उठले तेव्हा पायल दारात होती. तिला जायचं नव्हतं, ते दिसत होतं, पण माझ्याकडे तिनं काही मागितलं नाही. मी बाबांपाशी निदान मागितलं तरी होतं.

वनितानं माझ्याकडचं काम सोडलं. बटनांचं काम आता दुसरी करते. टाके विरळ पडतात.

परवा समितीची बैठक होती. उन्हं तापली आहेत, शाळेच्या मैदानात चिंचेची वाळलेली पानं भिरभिरत होती. परीक्षेचं वेळापत्रक दारावर चिकटवलेलं. प्रधान पाठकांनी या वर्षीच्या परीक्षार्थींची यादी आणि हजेरी माझ्यापुढे सरकवली. मी हल्ली कागद वाचल्याशिवाय सही करत नाही, म्हणून वाचली. अकराव्या ओळीवर पायल. जुलैपासून फेब्रुवारीपर्यंत, बहुतेक दिवस उपस्थित.

"सर, ही तर वर्ध्याला आहे."

"पता है, मैडम." त्यांनी चष्मा काढून पुसला. "अनुपस्थित दिखाऊँगा तो ऊपर से पूछेंगे, कहाँ गई, क्यों गई. जवाब कौन देगा?"

"तुम्ही."

"और क्लास वाले कागज पर साइन किसका है?" हे ते धमकी म्हणून बोलले नाहीत. भीतीनंच बोलले. त्यांना वाटलं, मी नेहमीसारखी खुर्ची जवळ ओढीन.

मी ओढली नाही. मी सही केली नाही, आणि कार्यवाहीच्या वहीत लिहा म्हणाले की गेल्या उन्हाळ्यात पाचवीच्या खोलीत वर्ग भरला नाही, गणवेश शिवले गेले, आणि हे माहीत असून अध्यक्षांनी सही केली. ते म्हणाले, असं कोणी लिहितं का. बाकीचे सभासद चहाच्या कपात बघत होते. वही मिटली गेली.

म्हणून इथे लिहिते आहे, आणि विचारते आहे. वर कागद पोचले, कोणी एकदा तरी खाली येऊन खोलीत डोकावलं का? चार वर्षं पुढे ढकलून पाचव्या वर्षी दार लावायचं, मधली पायरी कोणी बांधायची होती? पायल रोज हजर आहे असं तुमची वही म्हणते, तर मला ती दाखवा. कुठल्या बाकावर बसते ते दाखवा. दाखवता येत नसेल तर ती कुठे गेली हे लिहा, कोणामुळे गेली हेही लिहा. तिथे माझं नाव पहिलं घाला, मी नाही म्हणणार नाही. पण त्याच्या खालची ओळ रिकामी सोडू नका. तिथे कोणाचं नाव येणार, सर? मला सांगा.